दिवाणखान्यातली बेकारी

मराठी घरातल्या शोकेसमध्ये काय असेल ते काच न उघडताही सांगता येतं. सावंतवाडीच्या लाकडी फळांची परडी, कुणीतरी राजस्थानहून आणलेला उंट, कधीही न लावली जाणारी एखादी समई. नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थिरावलेल्या घरांत त्यात आणखी दोन वस्तूंची भर पडते: चन्नपट्टणची रंगीत घोडागाडी आणि बिदरी कामाची काळी-रुपेरी फुलदाणी, जिच्यात फूल कधीच नसतं. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्यावरची धूळ पुसली जाते आणि काच पुन्हा सरकवली जाते. स्थानिक कलेला घरात जागा देणं म्हणजे एवढंच, असा आपला समज झाला आहे. नवा फ्लॅट सजवून देणारेही आता ‘लोकल आर्ट शोधा’ असा सल्ला देतात. पण बेंगळुरूत लपून राहिलेलं असं फारसं काही नाही. महात्मा गांधी रस्त्यावर राज्य हस्तकला महामंडळाचं ‘कावेरी’ हे मोठं दुकान आहे. कुमार कृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेच्या आवारात कारागिरांचे बाजार भरत असतात, आणि दर जानेवारीत एका रविवारी तोच रस्ता वाहनांना बंद होऊन तिथे ‘चित्र संते’ भरते. संते म्हणजे आठवडी बाजार. चित्रांना हा भाजीबाजाराचा शब्द लावणाऱ्याला दाद द्यायला हवी. थोडक्यात, वस्तू सापडतात, विकत घेतल्या जातात, घरी येतात आणि तिथे बेकार होतात. हस्तकला जगते ती घरात तिला काही काम असेल तर, आणि नुसतं शोभून दिसणं हे काम तिला फार दिवस पुरत नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

यामागचं गणित साधं आहे. शोभेची वस्तू घर एकदाच घेतं. ती झिजत नाही, फुटत नाही, हरवत नाही, म्हणून दुसरी लागत नाही. तिच्या कर्त्याच्या दृष्टीने ते गिऱ्हाईक कायमचं संपलेलं असतं. याउलट बेंगळुरूच्या छावणी भागातल्या पॉटरी टाउनमधली कुंभारांची घरं पाहा. मडकी आणि पणत्या फुटतात, कुंड्यांना तडे जातात, आणि गणपती तर दरवर्षी मुद्दाम पाण्यात विरघळवला जातो. आपल्या समाजात सर्वांत जास्त घरांत पोचणारं शिल्प हेच, आणि त्याच्या टिकण्याचं रहस्य त्याच्या विसर्जनात आहे. मूर्ती न बुडवता काचेत ठेवायची पद्धत असती तर मूर्तिकारांच्या गल्ल्या दोन पिढ्यांत ओस पडल्या असत्या. न विरघळणाऱ्या वस्तूलाही काम असू शकतं. जुन्या म्हैसूर भागातल्या घरांत नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडतात. तिच्या केंद्रस्थानी ‘पट्टद गोंबे’ म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी असते, परंपरेने रक्तचंदनाची, आणि ती मुलीला लग्नात माहेरून मिळते. वर्षातले दहाच दिवस ती बाहेर असते, पण त्या दहा दिवसांत तिच्याशिवाय चालत नाही. आपल्याकडे गौरीच्या मुखवट्यांचं आणि चैत्रगौरीच्या आरासीचं असंच असतं. रुखवतातल्या बऱ्याचशा वस्तूंचं मात्र आता तसं राहिलेलं नाही. लग्नाच्या हॉलमधून त्या थेट माळ्यावर जातात.

चन्नपट्टण हे या म्हणण्याच्या बाजूचं सर्वांत ठळक उदाहरण. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याने साठेक किलोमीटरवर हे गाव लागतं. ज्या रामनगर जिल्ह्यात ते आहे त्याचं नाव ‘बेंगळुरू दक्षिण’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला, म्हणजे आता कागदोपत्रीही ते शहराच्या अंगणातच आलं. इथली खेळणी परंपरेने ‘आले मर’ या झाडाच्या लाकडाची. आपण त्याला काळा कुडा म्हणतो. नावात काळा असला तरी त्याचं लाकूड हस्तिदंतासारखं पांढुरकं आणि बारीक कणाचं असतं. ओंडका महिनोन्‌महिने वाळवायचा, तुकडे करायचे, लेथवर फिरवत पटाशीने कातायचे. रंग ब्रशने लावत नाहीत. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं वाळलेलं पान त्यावर दाबून फिरवलं की आरशासारखी चकाकी येते. या रंगाला कडा नसतात, पोपडे नसतात. लाख ही झाडावरच्या किड्यांची राळ; हळद, नीळ असे रंग मिसळलेली असेल तर खेळणं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या आईला घोर नाही. मात्र सगळाच माल वनस्पतिजन्य रंगांचा असतो असं समजू नये, तो प्रश्न दुकानदाराला विचारावाच.

या शतकाच्या आरंभी चिनी प्लास्टिक खेळण्यांच्या लोंढ्यात चन्नपट्टण जवळजवळ बुडालं होतं. भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्राचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला तेव्हा मानांकन असलेल्या अशा मालाला त्यातून सूटही मिळाली. या गोष्टी कामाच्या आहेत. पण मानांकनाने नावाचं रक्षण होतं, पोट भरत नाही. लेथ फिरत राहिले याचं मोठं कारण, त्यांच्यावर खेळण्यांखेरीज दुसऱ्या वस्तू चढल्या, हे आहे: कपाटांच्या मुठी, पडद्याच्या दांड्यांची टोकं, रुमालाची कडी, दिव्याचे खांब, मण्यांचे दागिने, मिठाच्या डब्या. बेंगळुरूतल्या डिझायनरांनी आणि संस्थांनी नवी रूपं आखून दिली आणि कातारी तीच पटाशी, तीच लाख वापरत राहिला. घोडागाडी मूल मोठं होईपर्यंतच लागते. एका स्वयंपाकघराला मुठी मात्र वीस-पंचवीस लागतात.

बिदरीची गोष्ट याच्या उलट बाजूने तेच सांगते. बीदर बेंगळुरूपासून सुमारे 700 किलोमीटर, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि उदगीर-लातूरकरांना मात्र शेजारचं. इथलं काम जस्ताचं. त्यात थोडं तांबं मिसळून ओततात. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर मोरचूद चोळून तो तात्पुरता काळा करतात, म्हणजे छिन्नीची रेघ उजळ दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, वस्तू पुन्हा घासतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने तापवून चोळतात. जस्त कायमचं काळंभोर होतं, चांदीला काहीच होत नाही. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात असं सांगतात. आता ही सगळी करामत पूर्वी कशावर होत असे? हुक्क्याच्या बैठकीवर, पानदानावर, सुरईवर, तबकावर. रोज हाताळायच्या वस्तूंवर. हुक्का गेला, पानदान गेलं, आणि बिदरीला उरली फुलदाणी, ॲश ट्रे आणि समारंभात पाहुण्याला द्यायचं स्मृतिचिन्ह. 2023 मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच होता. पण ज्या कलेचे कारागीर पद्म पुरस्कारापर्यंत पोचतात, तिची वस्तू सामान्य घरात मात्र कशासाठी घ्यावी हे सुचत नाही, ही खरी अडचण आहे. काळ्यावर रुपेरी नक्षी दिव्याच्या बटणांच्या पट्टीवर, दाराच्या कडीवर, पाटीवरच्या नावावर खुलेल. तिथे ती हात लागून घासली जाईल, आणि मधूनमधून खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की पुन्हा काळी होईल.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की कलेला अशी चाकरी लावणं म्हणजे तिचा अपमान. त्याचं उदाहरण मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्यासारखं आहे. कर्नाटकातल्या ‘तोगलु गोंबेयाट’ या चामडी बाहुल्यांच्या खेळाचे परंपरागत कलाकार किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात समाजाचे. बाहेर कन्नड आणि घरात मराठीची एक बोली, अशी या समाजाची ओळख आहे. कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना 2025 मध्ये, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. आंध्रात धर्मावरमजवळच्या निम्मलकुंट गावातले बाहुलीकारही मूळचे मराठी बोलणारे. तिथले दळवाई चलपती राव यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. आडनावातला दळवी ओळखायला फार कान द्यावा लागत नाही. बकऱ्याचं कातडं कमावून पारदर्शक करायचं, त्यावर रामायण-महाभारतातली पात्रं आखून रंगवायची, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची, आणि रात्री पडद्यामागे दिवा ठेवून ती नाचवायची, हा मूळ खेळ. गावोगावच्या रात्रींतून तो सिनेमा-टीव्हीने हुसकला. निम्मलकुंटच्या घरांनी मग तेच रंगवलेलं, भोकं पाडलेलं कातडं लोखंडी चौकटीवर ताणून दिव्याच्या शेड केल्या, आणि आज बेंगळुरूच्या प्रदर्शनांत त्या सर्रास दिसतात.

रावणाला टेबललॅम्प केलं, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. शेडवरचा रावण बोलत नाही, त्याला गाणं नाही, कथा नाही. खेळातलं पुष्कळ काही यात हरवलंच आहे. पण दुसरा पर्याय काय होता तेही पाहावं. चित्रकला परिषदेचे संस्थापक एम. एस. नंजुंड राव यांनी अशा बाहुल्यांचा मोठा संग्रह केला आणि तो जपला म्हणून आज पाहता येतो. संग्रहालयाने जुन्या बाहुल्या वाचवल्या, नवी बाहुली करण्याचं कारण मात्र त्याला पुरवता येत नाही. दिव्याच्या शेडने ते पुरवलं: कातडं कमावणारे, आखणी करणारे, भोकं पाडणारे हात पुढच्या पिढीतही आहेत, आणि उद्या कुणी रात्रभराचा खेळ मागितला तर बाहुल्या करणारे सापडतील. शिवाय कामाचं स्वरूप पाहता हा बदल तितका परका नाही. चित्रामागून प्रकाश सोडायचा हीच तर या कलेची मूळ युक्ती. दिव्याच्या शेडमध्ये ती तशीच्या तशी शाबूत आहे. बाहुली काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगली, तर मागचा प्रकाश जातो आणि उरतं ते एक रंगीत कातडं. सावंतवाडीच्या गंजिफांशी हे ताडून पाहावं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती कला राजवाड्यात पुन्हा उभी केली नसती तर आज एक पान दिसलं नसतं. पण खेळणारे परत आले नाहीत. दशावताराची देखणी गोल पानं आज डाव मांडायला क्वचितच कुणी घेतो. ती चौकटीत जातात, आणि म्हणून ती रंगवणारे मोजकेच राहतात.

दुसरा आक्षेप माझ्या म्हणण्याला अधिक अडचणीत टाकतो, आणि तो खणाने घेतला आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण ही आपल्या आज्या-पणज्यांची चोळी. चोळ्या शिवणं थांबलं तसे तिथले हातमाग थंडावले. गेल्या काही वर्षांत मात्र खणाने महाराष्ट्रात असं काही पुनरागमन केलं आहे की विचारू नका: साड्या, तोरणं, उशांचे अभ्रे, डायऱ्या, आकाशकंदील, अगदी मास्कसुद्धा. माझ्या हिशेबाने मग गुळेदगुड्डच्या विणकराची चंगळ व्हायला हवी. पण बाजारातला मोठा भाग यंत्रमागावर, कृत्रिम धाग्याचा. काम खणाला मिळालं, हाताला नाही. तेव्हा माझं विधान मला दुरुस्त करायला हवं: वस्तूला काम मिळणं पुरेसं नाही, ते काम हाताशिवाय न होणारं असावं लागतं. तोरणाला लांबून दिसणारा रंग आणि काठ पुरतो, तो यंत्र देतं. अंगाला लागणारा पोत जिथे महत्त्वाचा, तिथे माणूस हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक बोटांनी ओळखतो. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे जमखाने हे त्याचं दुसरं टोक. आपल्या लग्नघरांत जमखाना हा शब्द अजून ऐकू येतो. नवलगुंदमध्ये तो बायका घरच्या मागावर विणतात, मोर आणि भौमितिक नक्षीचा, आणि त्यातल्या एका प्रकारात तर सोंगट्यांचा पटच विणलेला असतो. बसा त्यावरच आणि खेळाही त्यावरच. विणणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत, आणि सतरंजीवर मांडी घालून बसणारी घरंही. हे दुसरं दुखणं पहिल्याच्या मुळाशी आहे.

मग स्थानिक म्हणायचं तरी कशाला, असाही एक प्रश्न येतो. बेंगळुरूची निम्मी माणसं बाहेरून आलेली वाटतात, आणि वस्तूही. चन्नपट्टणला टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणले असं परंपरा सांगते, विसाव्या शतकात बावास मियां यांनी तिथे जपानी पद्धती रुजवल्या असं सांगितलं जातं. बिदरीची मुळंही इराणकडे दाखवतात. बाहुल्या नाचवणारे मराठी. शुद्ध मातीतली कला हवी असेल त्याने बेंगळुरूत येऊच नये. हे शहरच मुळात 1537 मध्ये केंपेगौडाने कारागीर आणि व्यापारी वसवून उभारलं: बळेपेटेत बांगडीवाले, अक्कीपेटेत तांदळाचे व्यापारी, कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. शंभर वर्षांनी ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पेठांची नावं अजून तीच आहेत, आणि ती कुलवृत्तान्त विचारत नाहीत, धंदा सांगतात. मला स्थानिकपणाची हीच कसोटी पटते: वस्तू करणारा कुठून आला यापेक्षा तो इथे कुणासाठी काम करतो, आणि बिघडली तर ती त्याच्याकडे परत नेता येते का. राज्यांच्या सीमा तर या बाबतीत अगदीच निरुपयोगी. कोल्हापुरी चपलेचं मानांकन 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून दिलं गेलं, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे धरून. जे भाषावादात दशकानुदशकं जमलं नाही ते चपलेने जमवलं.

याच कसोटीवर एक अगदी नवी आणि आडमुठी वस्तूही स्थानिक ठरते. घाणेरी, म्हणजे टणटणी, हे परदेशी झुडूप एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून भारतात आलं आणि पसरत पसरत दक्षिणेतली जंगलं गिळून बसलं. बेंगळुरूच्या ‘अत्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेने मले महादेश्वर डोंगरातल्या सोलिगा आदिवासींबरोबर त्यापासून फर्निचर करण्याचा उपक्रम चालवला. घाणेरीच्या काठ्या उकळून साल काढली की त्या वेतासारख्या वळतात, आणि वाळवी त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. 2024 मध्ये लालबागेत मांडलेले घाणेरीचे पूर्णाकृती हत्ती पाहायला गर्दी लोटली होती. ते निलगिरीच्या बाजूच्या आदिवासी कारागिरांनी केले होते. हत्ती देखणे होते यात शंका नाही, पण जंगलातली घाणेरी कमी करायची तर खुर्च्या, टोपल्या आणि शेल्फच हवेत, कारण घराघरात हत्ती कोण ठेवणार? शोभेसाठी आणलेलं झुडूप उपद्रव झालं आणि कामाला लावल्यावर उपयोगी, हा योगायोग माझ्या बाजूचा असल्यामुळे मी तो फार ताणत नाही.

राहता राहिला पैशांचा आक्षेप. हाताची वस्तू महाग असते, आणि हातातोंडाची गाठ घालणाऱ्या घराला तिच्यावरून उपदेश करणं हा उद्धटपणा होईल. पण हा आक्षेप जिथून जास्त ऐकू येतो ती घरं वेगळी आहेत. मॉड्युलर किचन, खोटं छत आणि त्यात लपवलेले दिवे यांवर लाखांनी खर्च होतो आणि कपाटाच्या मुठी त्या पॅकेजमध्ये फुकट आल्या म्हणून स्टीलच्या लागतात. खर्च वाढवायला कुणी सांगत नाही. जो होणारच आहे त्यातला थोडा वळवायचा आहे. जुन्या बेंगळुरूने तो अनायासे वळवला होता. छावणीतल्या बंगल्यांच्या खिडक्यांवर टोकदार फळ्यांची लाकडी झालर असे, तिला ‘मंकी टॉप’ म्हणत. पावसाची झड अडवायची आणि सुताराचं कसब मिरवायचं, दोन्ही एकाच फळीत. जमीन तांबड्या ऑक्साइडची, गवंड्याने हाताने घोटलेली, अनवाणी पायाला गार. त्या घरात कला कुठे आहे असं विचारलं असतं तर कुणाला बोट दाखवता आलं नसतं. ती खिडकीत होती, पायाखाली होती, आणि तिचा खर्च बांधकामाच्या हिशेबातच धरलेला होता. ते बंगले भराभर पडले, आणि त्यांच्या जागच्या इमारतींत कला वेगळी विकत आणावी लागते.

म्हणून खरेदीचा क्रमच उलटा केलेला बरा. आधी वस्तू आवडायची आणि मग तिला जागा शोधायची, यातूनच शोकेस भरते. आधी घरातली गरज मोजावी. कुठल्या कोपऱ्यात संध्याकाळी मंद उजेड हवा, कुठल्या दाराची मूठ निखळली आहे, पाहुणे जास्त झाले की काय अंथरतो. वस्तूचा स्वभावही माहीत हवा: लाखेवर गरम कप ठेवला की ती मऊ पडते आणि स्पिरिटने पुसली की विरघळते, म्हणून चन्नपट्टणचं काम चुलीजवळ नको, दारा-पडद्याला हवं, चामड्याच्या शेडमध्ये उष्णता न फेकणारा एलईडी बल्ब हवा आणि दमट भिंतीपासून ती लांब हवी. मेळ्यात कारागीर स्वतः बसलेला असतो, आणि मापाची वस्तू करून द्यायला तो बहुधा तयार असतो; त्याचे आजे-पणजे ऑर्डरीवरच काम करत होते, तयार माल मांडून बसणं ही सवय त्याला आपण लावली. फक्त जाताना दाराची जाडी, पडद्याच्या दांडीचा घेर, दिव्याच्या खांबाची उंची कागदावर लिहून न्यावी. ते माप नसेल तर तो बिचारा काय करणार, एक घोडागाडी बांधून देईल.